कलांचोला पुन्हा फुलं आणायची तर खताआधी काळोख द्या

प्रश्न असा आला आहे: "मागच्या डिसेंबरात नर्सरीतून लाल फुलांचा कलांचो आणला. मार्चपर्यंत सुंदर फुलला, त्यानंतर नुसती पानंच. जुलैत एक फांदी बुडाशी काळी पडून गळाली. पानफुटीसारखी दोन-तीन पानं मातीवर ठेवून पाहिली, मुळं फुटली पण रोप काही वर येईना. ठाण्याला राहते, पूर्वेची बाल्कनी आहे, घरात मांजर आहे. फुलांसाठी कोणतं खत द्यावं आणि रोपं कशी वाढवावीत?"

ताई, वरच्या फांद्या हिरव्या आणि टणक असतील तर तुमचं झाड फुलणार, ही खात्री ठेवा. मात्र खताचा प्रश्न जरा मागे ठेवू. कलांचो फुलत नाही म्हटलं की लोक आधी खताचा डबा उघडतात. नर्सरीवालेही एखादी पुडी हातात देतात. या झाडाला फुलं येणं न येणं खतावर नाही, रात्रीच्या लांबीवर ठरतं. संध्याकाळी बाल्कनीत दिवा किती वाजेपर्यंत चालू असतो, हे मला आधी सांगा.

कलांचोच्या जाती बऱ्याच आहेत. तुमच्याकडचा आहे तो कलांचो ब्लॉसफेल्डियाना आणि त्याचे संकर. मूळचा मादागास्करच्या उत्तरेकडच्या त्सारातानाना डोंगररांगेतला. पॉट्सडॅमच्या रॉबर्ट ब्लॉसफेल्ड या रोपव्यावसायिकाने १९३२ मध्ये तो बाजारात आणला, आणि १९३४ मध्ये त्याच्याच नावावरून झाडाचं शास्त्रीय नाव पडलं. पुढे युरोपात, विशेषतः डेन्मार्क आणि नेदरलँड्समध्ये, त्याचे पिवळे, केशरी, गुलाबी, पांढरे आणि गच्च दुहेरी पाकळ्यांचे प्रकार तयार झाले. तिथल्या हिवाळ्यात हे झाड घरात किंवा काचघरातच जगतं. आपल्याकडे तसं काही लागत नाही. मादागास्करचा तो भाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण १४ अंशांवर आहे आणि ठाणं उत्तरेला १९ अंशांवर. म्हणजे दिवस-रात्रीचा जो हिशोब हे झाड जाणतं, तो आपल्याकडच्या हिशोबाच्या बराच जवळ आहे.

तो हिशोब असा. मुंबई-पुण्याकडे जूनच्या तिसऱ्या आठवड्यात दिवस साधारण सव्वातेरा तासांचा असतो आणि डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात अकरा तासांचा. कलांचोला कळी धरायला दिवस बारा तासांच्या आत यावा लागतो. खरं तर झाड दिवस मोजत नाही, अखंड काळोखाची रात्र मोजतं. आपल्याकडे ऑक्टोबर संपता संपता रात्री पुरेशा लांब होतात आणि मोकळ्या जागेतलं झाड आपण होऊन कळ्या धरतं. शेतातल्या विहिरीजवळ, जिथे रात्री दिवा नसतो, तिथे ठेवलेला कलांचो दरवर्षी जानेवारीत फुललेला मी पाहिला आहे. त्याला कोणी काही देत नाही. तेच झाड शहरात आणलं की अडतं, कारण आपली संध्याकाळ सहाला संपत नाही. बाल्कनीतली ट्यूब अकरापर्यंत चालू, समोर सोसायटीचा एलईडी खांब रात्रभर. झाडाच्या लेखी जून महिना संपलेलाच नसतो.

दिवा मंद असला तरी चालत नाही, आणि थोडा वेळ लागला तरी चालत नाही. रात्रीच्या मध्यावर रोज काही मिनिटं उजेड पडला तरी झाड त्या लांब रात्रीचे दोन तुकडे धरतं आणि कळी टाळतं. पॉलिहाउसमधले शेवंतीवाले हीच गोष्ट मुद्दाम करतात. झाड उंच वाढेपर्यंत रात्री दिवे लावतात, मग दिवे बंद करून काळं कापड ओढतात आणि हवी तेव्हा फुलं काढतात. शेवंती, पॉइन्सेटिया, कलांचो ही सगळी याच गटातली. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ रिचर्ड हार्डर यांनी १९४०च्या दशकात कलांचोवरच जे प्रयोग केले, त्यांत दिसलं की झाडाच्या एकाच पानाला लांब रात्री दिल्या तरी फुलण्याचा निरोप झाडात पोचतो, आणि ज्या बाजूचं पान त्याच बाजूच्या फांद्या फुलतात. एका छोट्या पानाला रात्र एवढी नेमकी कळते, हे मला आजही थक्क करणारं वाटतं.

आता करायचं काय? बाल्कनीत जिथे कुंडी आहे तिथे रात्री नऊ वाजता जाऊन उभं राहा आणि वर्तमानपत्र उघडा. मथळे वाचता आले तर ती जागा कलांचोसाठी उजेडाची समजा. कुंडी हलवता येत असेल तर रात्री न वापरल्या जाणाऱ्या अंधाऱ्या खोलीत नेऊन ठेवा, नाहीतर कुंडीवर खोकं घाला. पुठ्ठ्याचं जाड खोकं घ्यावं, सांधे काळ्या चिकटपट्टीने बंद करावेत, आणि झाडाच्या शेंड्यापासून चार बोटं तरी वर मोकळं राहील एवढं उंच असावं. संध्याकाळी सहाला घालायचं, सकाळी आठला काढायचं. चौदा तास झाले. असं सलग सहा आठवडे. एखाद्या रात्री विसरलात तर जग बुडत नाही, पण आठवड्यातून दोनदा विसरलात तर सगळीच मेहनत लांबते. दिवसा मात्र भरपूर उजेड हवा. दिवसभर सावलीत आणि रात्रभर खोक्यात ठेवलेलं झाड फुलत नाही, नुसतं खंगतं. तुमची पूर्वेची बाल्कनी यासाठी उत्तम आहे. सकाळचं तीन-चार तासांचं ऊन आणि पुढे दिवसभर चांगला उजेड एवढं त्याला पुरतं.

पाच-सहा आठवड्यांनी शेंड्याकडे निरखून पाहा. वरच्या दोन पानांच्या बेचक्यात मोहरीच्या दाण्याएवढे हिरवे मणी दाटीने दिसतील. पानाचा नवा कोंब टोकदार आणि चपटा असतो, कळ्यांचा झुबका गोलसर आणि खडबडीत दिसतो. एकदा हे मणी स्पष्ट दिसले की खोकं घालणं बंद करा. तिथून फुलं उघडायला आणखी सहा-आठ आठवडे लागतात. म्हणजे सुरुवातीपासून धरलं तर अडीच-तीन महिने.

सुरुवात कधी करायची, हे गावावर ठरतं. रात्रीचं तापमान २४-२५ अंशांच्या वर राहिलं की लांब रात्री मिळूनही कलांचो कळी धरायला उशीर करतो. पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूरकडे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात खोकं घातलं तर संक्रांतीच्या सुमारास झाड फुललेलं मिळतं. ठाणे-मुंबईला आणि किनाऱ्यावर ऑक्टोबरच्या रात्री फार उकाड्याच्या असतात, म्हणून तुम्ही नोव्हेंबर लागल्यावर सुरू करा. फेब्रुवारीत फुलं मिळतील आणि होळीपर्यंत टिकतील. काही जण दिवाळीला फुलं हवीत म्हणून जुलै-ऑगस्टपासून खोकं घालतात. माझा याला स्पष्ट विरोध आहे. पावसाळी दमट हवेत चौदा तास कोंडलेल्या झाडावर बुरशी येते, आणि फुलांच्या हौशीपायी झाड जातं.

आता जुलैत गळालेल्या फांदीकडे येऊ, कारण ती दुरुस्ती झाल्याशिवाय खोक्याचा उपयोग नाही. नर्सरीतून येणारा कलांचो बहुतेक वेळा नुसत्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात असतो. पुण्याजवळच्या उरुळी कांचन-सोरतापवाडीकडच्या रोपवाटिका असोत की आणखी कुठल्या, त्यांना हे माध्यम सोयीचं पडतं. वजनाला हलकं असतं, ट्रकभर रोपं नेता येतात, आणि तिथे पाणी मोजून दिलं जातं. घरी आणल्यावर मात्र कोकोपीट दोन्ही बाजूंनी त्रास देतं. उन्हाळ्यात पूर्ण वाळलं की पाणी आत घेत नाही, कडेने वाहून जातं. पावसाळ्यात एकदा भिजलं की आठवडाभर ओलंच राहतं. कलांचोच्या जाड पानांत पाण्याचा साठा असतो, मुळं बारीक आणि उथळ असतात. सतत ओल्या, हवा न खेळणाऱ्या जागेत ती गुदमरतात, मग खोडाच्या बुडाशी बुरशी शिरते आणि फांदी काळी पडून मऊ होते.

म्हणून फुलं संपली की, किंवा आत्ता पाऊस ओसरला की, माती बदला. झाड कुंडीतून काढून जुनं कोकोपीट बोटांनी हलकेच झाडा, पण मुळं ओरबाडू नका. काळी, मऊ मुळं कापून टाका. मिश्रणात एक भाग लाल माती किंवा चांगला पोयटा, एक भाग जाड वाळू किंवा विटांचा तुरीच्या डाळीएवढा चुरा, आणि एक भागात निम्मं पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि निम्मं कोकोपीट. वर मूठभर नीमपेंड. किनाऱ्यावर वाळू-चुऱ्याचं प्रमाण दीडपट करा. देशावरची काळी माती यात अजिबात नको. ती ओली असताना चिकट आणि वाळल्यावर दगड होते. बांधकामाची बारीक वाळूही नको, ती पोकळ्या बुजवते. मिश्रण बरोबर जमलं की नाही हे असं बघा: मूठभर घेऊन ओलं करून दाबा आणि मूठ उघडा. गोळा बोटाच्या टोकाने लगेच फुटला पाहिजे.

कुंडी मोठी घेण्याचा मोह होतो. चार इंचांतलं झाड पाच इंचांत, फार तर सहा इंचांत न्या. झाडाची मुळं जेवढं पाणी ओढू शकतात त्यापेक्षा जास्त माती म्हणजे साठून राहणारी ओल. मातीची कुंडी असली तर सोन्याहून पिवळं. कुंडीखालची थाळी पाणी घालताना काढून ठेवा.

पाणी घालायचं त्याचं वेळापत्रक करू नका. वरची दोन पेरं माती कोरडी लागली की भरपूर पाणी द्या, खालून निथळेपर्यंत, आणि मग पुन्हा कोरडी होईपर्यंत हात लावू नका. थोडं थोडं रोज शिंपडणं ही सगळ्यात वाईट सवय. पानंही बोलतात. पान पातळ, मऊ कातड्यासारखं आणि किंचित सुरकुतलेलं असेल तर तहान लागली आहे. पान पिवळट, फुगलेलं, आरपार दिसेल असं आणि हात लावताच गळत असेल तर पाणी जास्त झालं आहे. नवखे लोक दोन्हीला एकच उपाय करतात, आणखी पाणी. पानांच्या कडा लाल झाल्या तर घाबरू नका, थंडीत आणि कडक उन्हात तसं होतं. पावसाळ्यात कुंडी छपराखाली हवीच. ठाण्याचा पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो, तेव्हा जून ते सप्टेंबर ती बाल्कनीच्या कठड्यावरून काढून आतल्या भिंतीशी ठेवा. विदर्भ-मराठवाड्यात उलट गोष्ट. तिथे पावसापेक्षा एप्रिल-मेचं ऊन मारक, आणि दुपारी शेडनेट लागतंच.

रोपं करण्याबद्दल. पानफुटी आणि कलांचो एकाच कुळातले, नव्या मांडणीत तर एकाच प्रजातीत (जीनसमध्ये) धरतात, त्यामुळे पान ठेवलं की रोप येईल असं वाटणं अगदी साहजिक आहे. पानफुटीच्या पानाच्या प्रत्येक खाचेत रोप बनण्याची तयारी आधीपासून असते, म्हणून ती वहीत ठेवली तरी फुटते. तुमच्या कलांचोच्या पानात ती सोय नाही. पानाला मुळं फुटतात, पण वर वाढायला डोळा लागतो आणि तो पानात नसतो, पानाच्या देठाच्या बगलेत, खोडावर असतो. म्हणून तुमच्या पानांना मुळं येऊन ती तशीच बसली. क्वचित एखाद्या पानाला कोंब येतोही, पण त्याची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. पानापासूनच करायचं असेल तर पान तोडू नका. धारदार पात्याने खोडाची बारीक चकती आणि तिच्यावरचा डोळा पानाबरोबर घ्या. अशा पानाला वर कोंब येण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

सोपा आणि भरवशाचा मार्ग फांदीच्या छाटाचा आहे. फुलं संपल्यावर, साधारण मार्चमध्ये, फुलांचे दांडे काढा आणि प्रत्येक फांदी खालच्या दोन-तीन पानांच्या जोड्या ठेवून छाटा. ही छाटणी झाडालाही हवी असते, नाहीतर ते खालून बोडकं आणि वरून लोंबतं राहतं. छाटलेल्या शेंड्यांतून ज्यांना कळी नाही असे, बोटाएवढे लांब, टणक शेंडे निवडा. खालची एक जोडी काढा. पात्याला आधी स्पिरिट लावून घ्या. मग हे छाट सावलीत, कागदावर एक-दोन दिवस तसेच पडू द्या. कापलेल्या तोंडावर कोरडी, फिकट तपकिरी पापडी धरते. तिला बोट लावलं तर चिकट लागत नाही. ही पापडी धरल्यावरच लावायचं, ओला छाट सरळ मातीत गेला तर बुडाशी सडतो. रूटिंग पावडरची गरज नाही, लावलीत तर हरकतही नाही.

लावायला वाळू किंवा बारीक विटांचा चुरा आणि कोकोपीट सम प्रमाणात. आधी ओलं करा, मुठीत पिळून पाणी निघणार नाही इतपतच. छाट दोन-अडीच सेंटीमीटर आत, पानं मातीला टेकणार नाहीत असं. वर प्लास्टिकची पिशवी घालून कोंडू नका. गुलाबाच्या कलमांना ते चालत असेल, इथे आपल्या दमट हवेत त्याने छाट कुजतात. उजेडाच्या सावलीत ठेवा आणि चार-पाच दिवसांनी कडेने थोडं पाणी द्या. दोन ते चार आठवड्यांत मुळं येतात. उपटून बघू नका. पान धरून अगदी हलकं वर ओढा, छाटाने अडवलं आणि शेंड्याला नवी चकचकीत पानं दिसली की मूळ धरलं.

नव्या रोपाला पानांच्या तीन-चार जोड्या झाल्या की शेंडा खुडा. जेवढ्या फांद्या तेवढे फुलांचे झुबके. मात्र हे खुडणं सप्टेंबरच्या मध्यापर्यंत आटोपा. त्यानंतर खुडलंत तर कळ्या धरायच्या जागाच काढून टाकल्यासारखं होतं. तुम्हाला मार्चपर्यंत थांबायचं नसेल तर आत्ता, पाऊस ओसरताना, दोन-चार शेंडे लावा. ती रोपं येत्या हंगामात लहानच फुलतील, एकेका झुबक्यासकट. टेबलावर ठेवायला तशी गोजिरी रोपं मला मोठ्या झाडापेक्षाही आवडतात. बियांच्या मागे लागू नका. बी धुळीसारखं बारीक असतं, आणि संकरित झाडाच्या बियांतून तोच रंग येईल याचा भरवसा नाही. छाटातून मात्र तेच झाड, तोच रंग.

काळ्या पडलेल्या फांदीतूनही रोप वाचवता येतं. निरोगी दिसणारा वरचा भाग कापा आणि कापलेल्या तोंडाकडे बघा. मध्ये तपकिरी ठिपका किंवा कडेने तपकिरी कंगोरा दिसला तर पातं पुसून अर्धा सेंटीमीटर वर पुन्हा कापा. तोंड सगळीकडे सारखं फिकट हिरवं दिसेपर्यंत वर जात राहा. तिथून वर जे उरेल, दोन पानांची जोडी का असेना, ते वाळवून लावा.

खत आता. मार्चनंतर वाढीच्या काळात पंधरा दिवसांतून एकदा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विद्राव्य खत) लिटरला एक ग्रॅम, ओल्या मातीतच. कळ्या दिसल्यावर ०:५२:३४ (नत्र नसलेलं, स्फुरद-पालाशाचं खत) त्याच मापाने दोनदा दिलंत तर झुबके भरदार होतात. शेणखत घातलेलं असेल तर एवढंही न देता चालतं. युरिया नको, पानं फोफावतात आणि मऊ होऊन किडीला आवडायला लागतात.

कीड म्हणाल तर मुख्य शत्रू पिठ्या ढेकूण. पानाच्या बगलेत कापसासारखे पांढरे पुंजके दिसले की कानकोरणीच्या कापसाला स्पिरिट लावून एकेक पुंजका टिपा, आठवड्याने पुन्हा. फुलांच्या दांड्यावर मावा येतो, त्याला पाण्याची धार पुरते, धार मारल्यावर झाड वाऱ्यावर लवकर सुकवा. कडुनिंबाचं तेल वापरायचं असेल तर लिटरला पाच मिली, थोड्या साबणात फेटून, संध्याकाळी, आणि आधी एकाच पानावर दोन दिवस बघून. कलांचोच्या पानांवर तेलाचे डाग पडू शकतात. पानांवर पांढरी भुरी दिसली तर आधी हवा खेळती करा आणि पानांवर पाणी मारणं थांबवा. बहुतेकदा तेवढ्याने भागतं.

मांजराचं तुम्ही शेवटी लिहिलंत, पण ते महत्त्वाचं आहे. कलांचोत बुफाडायनोलाइड गटाची द्रव्यं असतात, जी हृदयावर परिणाम करतात. फुलांत ती जास्त असतात. मांजर किंवा कुत्र्याने पानं-फुलं चघळली तर उलट्या, जुलाब, लाळ गळणं होऊ शकतं, आणि जास्त खाल्लं तर हृदयाचे ठोके बिघडतात. ऑस्ट्रेलियात याच्या भाऊबंद जाती खाऊन गुरं दगावल्याच्या नोंदी आहेत. म्हणून कुंडी मांजराची उडी पोचणार नाही अशी टांगा, किंवा बाल्कनीला जाळी लावून मांजर आत ठेवा. त्याने खाल्लंय अशी शंका आली तर घरगुती उपाय न करता झाडाचा एक तुकडा घेऊन सरळ पशुवैद्यांकडे जा. छाटणीनंतरचा पाला सोसायटीबाहेर, जिथे गाई-शेळ्या फिरतात, तिथे टाकू नका. कंपोस्टच्या डब्यात घाला आणि वर मातीचा थर द्या.